गिअर पडेना, तेल थांबेना

मॅन्युअल गाडीत गिअर पडेनासा झाला की आळ येतो गिअरबॉक्सवर. गुन्हेगार मात्र पुष्कळदा क्लच निघतो. याच्या निदानाला तिघे जमतात: मालक, मिस्त्री आणि जाणकार. जाणकाराला कोणी बोलावलेले नसते.

जाणकार : (बॉनेट उघडण्याआधीच) गिअरबॉक्स गेला!

मालक : बापरे. म्हणजे किती खर्च?

मिस्त्री : साहेब, आधी इंजिन बंद करा आणि गिअर टाकून बघा.

मालक : बंद गाडीत? पाचही पडतायत की, अगदी अलगद!

मिस्त्री : आता चालू करून.

मालक : पहिला अडला. रिव्हर्सला तर नुसती करकर.

एवढ्यात निम्मा निकाल लागतो. बंद इंजिनात पडणारे गिअर इंजिन चालू होताच अडू लागले, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. बंद इंजिनातही दांडा अडला तर संशय गिअरची केबल, तिचे बुश किंवा गिअरबॉक्सच्या पेटीतला फोर्क यांच्यावर. (एखाद्या वेळी नुसते दातावर दात येतात, गाडी किंचित ढकलून पुन्हा पाहावे.) रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रोनायझर नसतो, म्हणून क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबायचे असते. थांबूनही करकर आली तर पुन्हा क्लचच. एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, करकर येत असेल तर त्याची सिंक्रो रिंग झिजलेली असते. क्लच दाबल्यावर सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगकडे बोट दाखवतो. दाबल्यावर थांबणारा इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे.

जाणकार : आमच्या मेव्हण्याच्या गाडीला अगदी हेच झालं होतं…

मिस्त्री : ती आणलीय का? नाही ना? साहेब, क्लच दोन-चार वेळा भराभर दाबा, मग गिअर टाका.

मालक : पडला! म्हणजे बरी झाली?

मिस्त्री : नाही. रोग सापडला.

पंप केल्यावर गिअर पडतो याचा अर्थ हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरली आहे किंवा तेल कमी झाले आहे. आणि बंद नळीतले तेल कमी होते ते गळल्यामुळेच. केबलच्या क्लचला ही चाचणी लागू नाही; तिथे केबलचा ताण पाहावा.

मालक : खाली डाग पडतो खरा. मला वाटलं, एसीचं पाणी.

मिस्त्री : पाण्याचा डाग सुकला की जातो. रात्री खाली पुठ्ठा टाकायचा. इंजिन ऑइल काळपट. कूलंट हिरवा नाहीतर गुलाबी, पाण्यासारखा पातळ. गिअर ऑइल जाड, आणि त्याला गंधकाचा घाण वास.

जाणकार : (बोट बुडवून) हे पातळ आहे, पिवळसर आणि निसरडं. कसलाही वास नाही.

मिस्त्री : ब्रेक ऑइल. क्लचच्या नळीतही हेच असतं. बोट बॉनेटला पुसू नका, रंग सोलून निघेल!

जाणकार : (पुसून झाल्यावर) आधी सांगायचं की.

मिस्त्री : आधी विचारायचं होतं.

डागाची जागाही बोलते. चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्हशाफ्टच्या मुळाशी ओल असेल तर तिथले ऑइल सील गेलेले. इंजिन आणि पेटीच्या सांध्यातून गळत असेल तर क्रँकचे मागचे सील किंवा पेटीचे पुढचे. इथे क्लच प्लेटही तेलकट होऊन घसरू लागते आणि पेटी उतरवावीच लागते. नवे सील पुन्हा गळू लागले तर पेटीचा ब्रीदर बुजला आहे का ते पाहावे, कारण कोंडलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. बहुतेक पेट्यांना डिपस्टिक नसते. गाडी सपाट जागी ठेवून बाजूचा बोल्ट काढावा. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवे. तेल काढताना आधी भरायचा बोल्ट सुटतो याची खात्री करावी, मग खालचा उघडावा. हा क्रम उलटा करणाऱ्यांची पेटी रिकामी होते आणि गाडी तिथेच राहते.

मिस्त्री : तुमच्या क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. तो बदलायचा, हवा काढायची, झालं. पेटीला हात लावायचा नाही.

मालक : मग आज घरी नेतो, रविवारी आणतो.

मिस्त्री : न्यायची नाही. या गाडीत क्लच आणि ब्रेकची डबी एकच आहे. क्लचची नळी वरच्या अंगाला असते, म्हणून तेल उतरलं की आधी क्लच जातो. त्याच्या खाली जे उरतं, ते ब्रेकचं.