मूळ मल्याळममध्ये आहे

सिनेमाची आवड माणसाला लहानपणी एकदा लागते आणि मग जन्मभर तशीच राहते, असं ज्यांना वाटतं त्यांनी डोंबिवलीच्या मामांना भेटावं. सोसायटीतले लहानथोर त्यांना मामाच म्हणतात. मामांनी बँकेतली नोकरी बदलली नाही, घर बदललं नाही, सकाळचं वर्तमानपत्रसुद्धा बदललं नाही. बदलत गेली ती सिनेमाची भाषा. आणि तीही अशी, की नव्या पंथात गेलेल्या माणसाला जुने देव दगड वाटावेत, तसे कालचे हिरो मामांना आज अडाणी वाटू लागतात. मामींनी हे सगळे पंथ जवळून पाहिले. दीक्षा मात्र एकाचीही घेतली नाही.

पहिला देव अर्थातच दादा कोंडके. 'सोंगाड्या' 1971 साली आला. पुढे कधीतरी तो सातारा जिल्ह्यातल्या एका जत्रेत तंबूत लागला आणि शाळकरी मामा कनातीखालून आत शिरले. दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली, ही माहिती मामा पुढे कित्येक वर्षं घरचा मुलगा बोर्डात आल्यासारखी सांगत.

नोकरीसाठी मुंबईला आल्यावर त्यांची गाठ पडली दूरदर्शनशी. त्या काळात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारविजेते चित्रपट लागत, खाली इंग्रजी अक्षरं. पोटात मटण-भात आणि समोर अडूर गोपालकृष्णन, असा तो दुर्धर योग. पहिली दहा मिनिटं पडद्यावर एक माणूस नुसता बसलेला दिसला, की महाराष्ट्रातल्या घराघरांत घोरण्याचे आवाज सुरू होत. मामा जागे राहिले. अडूर यांच्या 'एलिपत्तायम'ला 1982 साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं सदरलँड पारितोषिक मिळालं होतं. त्यातला उण्णी हा उतरती कळा लागलेल्या केरळी जमीनदार घराण्यातला पुरुष. तो स्वतः काही म्हणून करत नाही. बहिणी राबतात. धाकटी पिंजऱ्यात सापडलेला उंदीर नेऊन तळ्यात बुडवते, आणि शेवटी गावकरी उण्णीलाच उचलून त्याच तळ्यात टाकतात. मामा भारावले. नव्या संसारात उंदीर झाला, तेव्हा पिंजरा त्यांनी हौसेनं आणला. उंदीर सापडल्यावर मात्र ते सरंजामशाहीच्या ऱ्हासावर बोलत खुर्चीतच बसून राहिले आणि पिंजरा घेऊन तीन जिने मामी उतरल्या.

गिरीश कासारवळ्ळींच्या 'तबरन कथे'चा परिणाम जास्त विधायक होता. निवृत्त झाल्यावर पेन्शनसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारा तबर शेट्टी चारुहासन यांनी असा काही उभा केलाय, की त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रविवारी तो पाहून मामा सोमवारी बँकेत गेले आणि पेन्शनच्या खिडकीवर बसलेल्या सहकाऱ्याकडे आठवडाभर अशा नजरेनं पाहत राहिले, की त्यानं बदली मागून घेतली.

बदली मामांचीही झाली, माटुंग्याला. किंग्ज सर्कलजवळ अरोरा थिएटर, तिथं तमिळ चित्रपट, बाहेर रजनीकांतचे कटआउट आणि नव्या चित्रपटाच्या दिवशी त्यांच्यावर दुधाचा अभिषेक. मामा तोवर अडूर आणि कासारवळ्ळी यांच्यामुळे बरेच गंभीर झाले होते. पण 1995 साली 'बाशा' आला आणि सगळं गांभीर्य एका रिक्षावाल्यानं घालवलं. त्यात हा रिक्षावाला शिवाजीराव गायकवाड, म्हणजे मराठी कुळातला, म्हणजे 'आपला'! बंगळुरूत बसकंडक्टर होता, हे सांगताना मामांचा ऊर भरून येई. त्याच वर्षीचा 'मुत्तू' पुढे 1998 मध्ये जपानमध्ये तुफान चालला, तेव्हा तर जपानही मामांना सातारा जिल्ह्यात आल्यासारखं वाटलं. तमिळचा एक शब्द येत नव्हता. अरोराच्या अंधारात त्याची गरजही पडत नव्हती. शिट्टी कुठं मारायची हे शेजारचा माणूस सुरुवात करून देई.

'मुत्तू' हा 'थेन्माविन कोंबत्तु' या मल्याळी चित्रपटावरून केलाय, हे कळलं आणि मामांना नवा रोग जडला. मूळ शोधण्याचा.

2000 साली 'हेरा फेरी' पाहून अख्खा महाराष्ट्र बाबूराव गणपतराव आपट्यांवर लट्टू झाला. मामा घरोघरी जाऊन सांगू लागले, की बाबूराव मूळचे आपटे नव्हेतच. ते 1989 सालच्या 'रामजी राव स्पीकिंग'मधले मन्नार मत्तायी, इनोसंट यांनी केलेले, आणि त्यांचं गॅरेज नसून बंद पडलेली नाटक कंपनी आहे. 'हलचल'? मूळ 'गॉडफादर', मल्याळम. 'भूल भुलैया'? मूळ 'मणिचित्रताळ', 1993, शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार. हे मामा चित्रपटगृहात सांगत, मध्यंतराआधी सांगत आणि शेवटासकट सांगत. सोसायटीच्या सहलीला मग बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

दुसऱ्यांची मुळं उपटत सुटलेल्या माणसाला आपल्या अंगणातलंही कधीतरी उपटावं लागतं. अशोक सराफांच्या ज्या ठसक्यावर मामा तरुणपणी लोळले होते, तो 'धूमधडाका' निघाला 1964 सालच्या 'कादलिक्क नेरमिल्लै' या तमिळ चित्रपटावरून, मध्ये 'प्यार किये जा'चा मुक्काम करून. हे त्यांनी पचवलं. मग 'अशी ही बनवाबनवी'. धनंजय मान्यांचा पत्ता शोधत मामा 'बीवी और मकान'पर्यंत गेले आणि तिथून 1955 सालच्या एका बंगाली बोर्डिंगात जाऊन पोचले. 'जय माँ काली बोर्डिंग' हे त्या चित्रपटाचं नाव. हेही पचलं. पण 'माहेरची साडी' राजस्थानी निघाला, तेव्हा मामा खचले. 1991 साली ज्या चित्रपटाला त्यांच्या सासूबाई ट्रकभर बायकांसोबत गेल्या आणि अलका कुबलसाठी दोन पदर भिजवून आल्या, तो 'बाई चली सासरिये'वरून घेतला होता! मामांनी ही बातमी सासूबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "मग तिकडच्या बायकापण रडल्या असतील हो बिचाऱ्या." मूळ आणि नक्कल या विषयावर इतकं समंजस विधान मामांच्या तोंडून आजवर निघालेलं नाही.

मामींचं काय? मामींचा एकच चित्रपट: 'सूर्यवंशम'. 1999 सालचा, दोन अमिताभ, आणि टीव्हीवर तो कधीही लागतो. मामा म्हणत, "अगं, मूळ तमिळ आहे, शरतकुमारचा." मामी म्हणत, "यातल्या सौंदर्याला आवाज रेखाचा आहे, ते माहितेय?" हे मामांना माहीत नव्हतं. मामींची सिनेमाविषयक विद्वत्ता तिथं सुरू होऊन तिथंच संपते, पण ती आजतागायत पुरलीय.

मधल्या काळातलं तेलुगू पर्व थोडक्यात उरकायला हवं, कारण मामाही त्याबद्दल फार बोलत नाहीत. हिंदीत डब केलेले तेलुगू चित्रपट टीव्हीवर दिवसभर चालत. नागार्जुनाचा 'मास' तिथं 'मेरी जंग: वन मॅन आर्मी' होऊन आला होता. मामा ते नातवासाठी लावत आणि नातू झोपल्यावरही पाहत. राजामौलींचा 'ईगा' तेवढा ते उघडपणे कबूल करतात. नायक मरून माशी होतो आणि माशी होऊन सूड घेते, ही कल्पनाच अशी आहे, की सुधीर मोघे ते शेक्सपिअर कुणाचंही नाव घेऊन तिचं समर्थन करता येतं. 2016 साली 'सैराट' आला आणि पुढच्या वर्षी कन्नड, पंजाबी, ओडिया असा भाषा बदलत निघाला. कन्नडमध्ये तर रिंकू राजगुरूच. मूळ मराठीत आहे, असं म्हणण्याची संधी मामांना मिळाली आणि त्यांनी पेढे वाटले.

टाळेबंदीत मोबाइलवर मल्याळम चित्रपटांचा पूर आला. 'महेशिंटे प्रतिकारम'मधला इडुक्कीतला फोटोग्राफर चौकात मार खातो आणि सूड घेईपर्यंत चपला घालणार नाही, अशी शपथ घेतो. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून अपमान झाल्यावर मामांनीही चपला सोडल्या. इडुक्कीचे रस्ते वेगळे, डोंबिवलीचे वेगळे. भाजी आणेपर्यंत शपथ टिकली, कोथिंबीर राहिली म्हणून परत जायची वेळ आली तेव्हा सुटली.

2021 च्या जानेवारीत 'द ग्रेट इंडियन किचन' आला. मामांनी मामींना हाताला धरून समोर बसवलं. चित्रपटातल्या सासऱ्यांना भात चुलीवरचा हवा, चटणी हातानं वाटलेली हवी, कपडे मशीनमध्ये नकोत. नवरा शिक्षक, बोलायला गोड, आणि ओट्याकडे फिरकत नाही. मामा दर पाच मिनिटांनी "काय कॅमेरा आहे!" म्हणत होते. मामी काहीच बोलल्या नाहीत. एरवी त्या अर्ध्यात उठतात. हा त्यांनी शेवटच्या नावांपर्यंत पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पाटा-वरवंटा धुऊन मांडलेला होता, शेजारी खोबरं, लसूण, मिरच्या, आणि मामी मैत्रिणीकडे गेल्या होत्या. पाट्यावरच्या चटणीशिवाय भाकरी न खाणाऱ्या मामांना त्या दुपारपासून मिक्सरची चटणी आवडू लागली. त्यांच्या इतक्या वर्षांच्या बदलत्या अभिरुचीत इतकी झटपट क्रांती दुसरी नाही.

त्याच फेब्रुवारीत मल्याळम 'दृश्यम 2' घरबसल्या पाहायला मिळाला. हिंदी यायला 2022 चा नोव्हेंबर उजाडला. मधली जवळजवळ पावणेदोन वर्षं मामा तो शेवट पोटात घेऊन फिरत होते. त्या काळात नातेवाइकांनी त्यांना बारशाला बोलावलं, साखरपुड्याला बोलावलं, पण जेवताना एकटं बसवलं.

सध्या मुक्काम आसामात आहे. रीमा दास यांनी 'व्हिलेज रॉकस्टार्स' स्वतः लिहिला, स्वतः चित्रित केला, स्वतः संकलित केला आणि राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवून घेतला, यानं मामा इतके भारावले, की गटारीच्या संध्याकाळी सगळं घर जमलेलं असताना त्यांनी 'आमिस' लावला. पाहिलेला नव्हता. गुवाहाटीतली डॉक्टर आणि मांसाहारावर संशोधन करणारा तरुण यांची हळुवार प्रेमकथा, खाण्यापिण्यावरची, एवढं वाचलं होतं. सुकं मटण ताटात पडलं होतं. मामांनी इतरांचे शेवट फोडण्यात जन्म घालवला, आणि त्या तरुणानं प्रेयसीला स्वतःच्या मांडीचं मांस रांधून वाढलं, तेव्हा आधी सांगणारं कुणीच नव्हतं. सुनेनं ताट सरकवलं. जावयांनी नुसता ताक-भात मागितला. नातू म्हणाला, "आजोबा, हे मूळ कशात आहे?"

पातेलं जवळजवळ भरलेलंच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, घरात तो पाळला जातो, आणि अन्न टाकायचं नाही हा मामींचा दंडक. त्यांनी पातेलं मामांच्या पुढ्यात ठेवलं, रिमोट ताब्यात घेतला आणि वाहिन्या बदलत गेल्या. अपेक्षेप्रमाणे 'सूर्यवंशम' कुठंतरी चालूच होता. मामांनी भरल्या तोंडानं शरतकुमारचं नाव घेण्याचा प्रयत्न केला.

"जेवा आधी," मामी म्हणाल्या. "खिरीचा सीन यायच्या आत संपलं पाहिजे."