जोडवी बाहेर, पोटऱ्या आत

तुम्हाला म्हणून सांगते, पुढे बोलू नका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीत गेले, दाराशी चपला काढल्या, आणि बघते तर काय? पैठणीच्या काठाखाली मोजे! एकीच्या नव्हे, चांगल्या पाच जणींच्या. गुडघ्यापर्यंत चढवलेले, घट्ट, स्किन कलरचे. एकीचे तर पुढून चक्क उघडे, बोटं बाहेर. मला वाटलं फाटलेत. तर म्हणे मुद्दाम तसेच मागवलेत, जोडवी अडकतात म्हणून! संस्कृती जपावी तर अशी.

मग वाण राहिलं बाजूला, गप्पा मोज्यांच्याच. या वेडाचं मूळ तिसऱ्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाई. ३० वर्षं फळ्यापुढे उभ्या, पोटरीवर निळ्या शिरांच्या गाठी. त्यांना डॉक्टरांनी कॉम्प्रेशनचे मोजे दिले, संध्याकाळी पाय हलके वाटायला लागले, आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. झालं! दुसरी न्यू जर्सीला लेकाकडे निघालेली. लांबच्या विमानप्रवासात पायात गुठळी होऊ नये म्हणून घेतले, हे ठीक. पण बाईनं लेकासाठीच्या चकल्यांआधी मोजे दाखवावेत?

आता तर ‘किती तोळ्यांचं?’ विचारावं तशा ‘किती नंबरचे?’ विचारतात. पंधरा-वीसवाल्या जरा खालच्या, वीस-तीसवाल्या मानाच्या. अहो, हे आकडे मोज्याच्या दाबाचे, रक्तदाबासारखे पाऱ्याचे मिलिमीटर आहेत, दागिना नव्हे! पण एकीनं कुणाला न विचारता थेट तीस-चाळीस आणले. रोज सकाळी बेडरूमचं दार बंद आणि आतून आवाज, ‘ओढा! अजून ओढा!’ शेजारी भलतंच समजले. शेवटी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून यजमानांनी ते चढवले म्हणे.

खरी मेख मापात. सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आत, घोट्याचा सगळ्यात बारीक आणि पोटरीचा सगळ्यात जाड घेर मोजायचा. पण ब्लाउजचं माप शिंप्याला खुशाल सांगणाऱ्या आमच्या बायका पोटरीचं माप म्हटलं की लाजतात! मग चपलेच्या नंबरावर मागवतात. लांब झाले की वरून दुमडतात आणि गुडघ्याखाली परकराची नाडी करकचून बांधल्यासारखा वळ उठतो. सगळी करामत घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाण्यात. रक्त वर ढकललं जावं म्हणून. कॉनराड जॉब्स्ट नावाच्या इंजिनीयरला हे अमेरिकेत पोहण्याच्या तलावात उभं राहून सुचलं. पायाला जखमा होत्या बिचाऱ्याच्या. पाण्यात बरं वाटायचं, कारण जितकं खोल तितका दाब जास्त. तलाव मोज्यात भरला पठ्ठ्यानं, आणि आमच्या बायका तो वरून दुमडतात!

एका गोष्टीनं मात्र माझ्या खरंच तोंडचं पाणी पळालं. मधुमेहवाल्या एका काकूंनी जावेचा जुना जोड घातला. त्यांच्या पायाला आधीच रक्त कमी पोचतं, बोटं बधिर. घट्ट मोजा रुतला तरी कळायचं नाही. डॉक्टरांनी अशी हजेरी घेतली की मोजे पायपुसण्यात गेले.

मी? छे, मी त्यातली नाही. परवा सकाळी सहाला दूधवाल्यानं बेल वाजवली तेव्हा माझ्या पोटरीभोवती शिलाईची टेप होती, ती निव्वळ सहज. तो काही बोलला नाही. पण नऊच्या आत तिसऱ्या मजल्यावरून फोन, ‘किती आलं हो?’