दर पानी दोन रुपये

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातल्या एका ओल्या दुपारी पोस्टमनने माझी सही घेतली आणि एक खाकी पाकीट हातात ठेवले. पाकिटावर 22 रुपयांची तिकिटे होती आणि शिक्का इतका ठसठशीत, की आतला मजकूर वाचण्याआधीच माणसाने आपल्या हातून काय काय चुकले ते आठवून घ्यावे. आत जावक क्रमांक होता, संदर्भ होता, विषय होता, 'महोदय' होते. मी माहितीच्या अधिकाराखाली मागितलेली माहिती तीन पृष्ठांची असून, दर पृष्ठास 2 रुपये याप्रमाणे होणारी 6 रुपये एवढी रक्कम कार्यालयात भरल्यास प्रती देण्यात येतील, असे कळवले होते. खाली सही आणि त्याखाली गोल शिक्का. पत्र हातात धरून मी बराच वेळ खिडकीशी उभा राहिलो. आमच्या कोपऱ्यावरचा वाणी सहा रुपये राहिले तर मान वर न करता 'असू द्या, पुढच्या खेपेला' म्हणतो. सहा रुपयांसाठी 22 रुपये खर्चून, नोंद करून, पोचपावती घेऊन मला कोणी कधी विचारले नव्हते. फार वर्षांनी कोणीतरी आपल्याला गंभीरपणे घेतले, असे वाटले.

हे दर मला नेहमीच लोभस वाटत आले आहेत. अर्जाला 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट, प्रतीला पानामागे 2 रुपये. महाराष्ट्रात अर्जाची मर्यादा 150 शब्द, म्हणजे माझ्यासारख्याचा श्वास 'सविनय सादर' म्हणेपर्यंतच संपतो. दिल्लीचे मन मोठे, तिथे 500 शब्द चालतात. केंद्राच्या 2012 च्या नियमांत कागद नुसते बघायचे असतील तर पहिला तास फुकट आहे आणि पुढे प्रत्येक तासाला 5 रुपये. पुण्यात या भावात स्कूटरसुद्धा कोणी सावलीला उभी करू देत नाही. त्याच नियमांत फ्लॉपीचा दरही आहे, नगास 50 रुपये. हे कलम मी मायेने पुन्हा पुन्हा वाचतो. फ्लॉपी जगातून गेली, तिला घेणारी यंत्रे भंगारात गेली, पण तिचा भाव तेवढा जागच्या जागी आहे, गावातल्या मोडलेल्या देवळापुढे रोज संध्याकाळी कोणी दिवा लावून जावा तसा. आणि सगळ्यांत गंमत कायद्याच्या कलम 7 मध्ये आहे. माहिती 30 दिवसांच्या मुदतीत मिळाली नाही, तर ती विनामूल्य द्यायची. म्हणजे दोन रुपये वाचवायचे असतील तर भल्या माणसाने एकतिसाव्या दिवसासाठी नवस बोलावा. माझे कार्यालय मात्र विसाव्या दिवशीच पत्र पाठवून मोकळे झाले होते. सरकार ढिले असते म्हणतात, पण माझ्या वाट्याला कधी येत नाही.

हे दोन रुपये हसण्यावारी नेताना मला मधूनच राजस्थानातल्या ब्यावर गावाची आठवण होते आणि मी जरा सावरून बसतो. 1996 च्या उन्हाळ्यात तिथे मजूर किसान शक्ती संघटनेची माणसे 40 दिवस रस्त्यावर धरणे धरून बसली होती. त्यांतली कितीतरी जणे रोजंदारीवरची. आपल्या नावे किती मजुरी लावली आहे, ते हजेरीपटावर बघायचे, एवढेच त्यांचे म्हणणे. सरकारचे उत्तर असे, की कागद पाहा, हवे तर हाताने टिपून घ्या, पण छायाप्रत मिळायची नाही. ज्यांच्या हाताला कुदळीची सवय, त्यांना 'टिपून घ्या' म्हणणे म्हणजे करकोच्याने कोल्ह्याला सुरईतून खीर वाढण्यातलाच प्रकार. पुढच्या वर्षी जयपूरला पुन्हा धरणे, या वेळी 53 दिवस. शेवटी उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर केले, की पंचायतीच्या कागदांच्या प्रती देण्याचा आदेश तर सहा महिन्यांपूर्वीच निघालेला आहे. माहिती मिळण्याचा हक्क मिळाला आहे, एवढी एक माहिती तेवढी कोणाला मिळाली नव्हती.

आमच्या घरात 'नक्कल' हा शब्द मी शाळेत जाण्याआधी शिकलो. बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी नकला असत, पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटलेल्या. तळाला 'खरी नक्कल', त्याखाली 'नक्कल तयार करणार' आणि 'रुजुवात घेणार' अशा दोन सह्या. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने मुळाशी ताडून बघायचे. रुजुवात हा शब्द मला तेव्हा एखाद्या गोड पदार्थासारखा वाटे. ते नकलनवीस माशीला माशी मारणारे लोक. मुळात शाईचा डाग असला तर नकलेतही तो उतरवतील की काय, अशी शंका यावी इतके इमानी. आणि ते मूळ कागद बांधलेले कशात, तर रुमालात. अजूनही दप्तरखान्यात गठ्ठ्याला रुमालच म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसायांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे 45 खंड झाले. राज्य बुडाले, तोफा वितळल्या, उरले ते कापडाच्या चार टोकांच्या गाठीत बांधलेले हिशेब. डोळे पुसायला आणि दप्तर बांधायला मराठीने एकच शब्द का ठेवला असावा, हे मला त्या दिवसापर्यंत नीटसे उमगले नव्हते.

तर सहा रुपये घेऊन मी एसटीने तालुक्याला गेलो. जाऊन-येऊन भाडे किती झाले ते लिहीत नाही, घरच्यांना अजून माहीत नाही. खिडकीतल्या बाईंनी दहाची नोट पाहिली आणि म्हणाल्या, "काका, सुट्टे नाहीत का?" मग मी समोरच्या टपरीवर नको असताना चहा घेतला आणि सुट्टे करून आणले. पावती फाटली. तीन पाने हातात आली, अजून ऊन होती, नुकत्याच निघालेल्या भाकरीसारखी. मूळ कागदाला कसरीने पाडलेली भोके झेरॉक्समध्ये काळे ठिपके होऊन उतरली होती. नसलेल्या कागदाचेही दोन रुपये लागतात, हे त्या दिवशी कळले.

कोकणातल्या आमच्या जमिनीबद्दल घरात एक दंतकथा आहे. आजोबांची केवढी तरी बागायत होती, नजर पोचत नसे, असे आत्या सांगायची. मी ती कथा ऐकून पोसलेला. 1953 सालच्या सातबाऱ्याने सांगितले, की क्षेत्र बारा गुंठे, त्यांतला पोटखराबा चार गुंठे. आकार पाच आणे. आजच्या हिशेबाने 31 पैसे. हल्ली त्याच जमिनीचा सही केलेला सातबारा घरबसल्या 15 रुपये भरून मिळतो, म्हणजे नकलेच्या एका कागदात जमिनीचा 48 वर्षांचा सारा निघून जातो. पण आत्याला मी दोष देणार नाही. ती सात वर्षांची असताना बारा गुंठे चालून संपत नसणारच.

खरी गोष्ट तिसऱ्या पानावर होती. ते फेरफाराचे पान. आजोबा वारले, वारस म्हणून बाबांचे नाव लागले आणि नावापुढे बारीक अक्षरात 'अ. पा. क. आई', म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आई. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. सज्ञान झाल्यावर तो शेरा कमी करून घ्यायचा असतो, तो कोणी घेतला नाही. बाबांनी पुढे 35 वर्षे शाळेत गणित शिकवले, लोकांची दुकाने-संसार हिशेबाला लावून दिले आणि एक्याऐंशीव्या वर्षी गेले. सरकारदरबारी ते शेवटपर्यंत अज्ञानच राहिले. चाळीस वर्षांपूर्वी वारलेली आजी अजून त्यांची पालनकर्ती.

बाईंनी पान उलटून पाहिले. "एवढं सोपं आहे काका," त्या म्हणाल्या. "वारसनोंदीचा अर्ज द्या, मृत्यूचा दाखला जोडा. वडिलांचं नाव कमी होईल, तुमचं लागेल. तो अपाकचा शेराही जाईल." त्यासाठीच तर मी हे कागद मागवले होते. अर्ज खिशात लिहून तयार होता, 150 शब्दांच्या आत. मी म्हटले, "पुढच्या खेपेला देतो," आणि वाण्याची आठवण होऊन हसलो. त्यांनी पावतीची दुसरी प्रत खिळ्याला टोचून ठेवली.

तो अर्ज अजून दिलेला नाही. दर दिवाळीला, अभ्यंगस्नान झाल्यावर, मी 15 रुपये भरतो आणि सातबारा उतरवून घेतो. बारा गुंठे. त्यांतला पोटखराबा वजा. नाव बाबांचे, वय कुठेच लिहिलेले नाही, आणि पुढे आई.