द्राक्षबागेस भेट : पाहुण्यांसाठी मार्गदर्शिका

द्राक्षबाग पाहायला जायचे तर सर्वांत आधी लागतो तो बागवाला नातेवाईक. टोपी, गॉगल, पाण्याची बाटली या पुढच्या गोष्टी. नाशिक जिल्ह्याशी सोयरीक असलेल्या कुटुंबाला असा नातेवाईक नसणे अवघड. नसलाच तर जुन्या लग्नपत्रिका काढून शोधावा. मेव्हण्याच्या साडूचा चुलतभाऊसुद्धा चालतो. नाते जितके लांबचे तितके बरे, कारण जवळच्या माणसाला कधीतरी आपल्याही घरी जेवायला बोलवावे लागते. नाते पक्के झाले की जानेवारीअखेर एक फोन करावा. आधी तब्येत, मग थंडी, मग "यंदा बाग कशी आहे?" हा क्रम सोडू नये. समोरून "या ना एकदा" हे शब्द येईपर्यंत फोन ठेवायचा नसतो.

प्रस्तुत मार्गदर्शिका एकलहरे परिसर धरून लिहिली आहे. या भागाचा मोठा फायदा असा की वाट चुकायला वाव नाही. नाशिकरोडहून सिन्नर फाट्याने निघाले की थोड्याच वेळात थर्मलच्या चिमण्या दिसू लागतात. 210 मेगावॅटचे तीन संच असलेले वीज केंद्र ज्यांना सापडत नाही, त्यांनी द्राक्षांच्या भानगडीत पडू नये. खरी अडचण चिमण्यांच्या पुढे सुरू होते. इथली निम्मी माणसे गावात नव्हे, मळ्यात राहतात, आणि मळे आडनावावर चालतात. एकाच आडनावाचे मळे चार दिशांना असतात. मोबाइलचा नकाशा आपल्याला हमखास दुसऱ्याच मळ्यात नेऊन सोडतो. तिथे बिनधास्त उतरावे. मळा चुकल्याचे चहा झाल्यावरच लक्षात येते, आणि तोवर तीही बाग पाहून झालेली असते.

गाडीत एडिसनहून सुट्टीला आलेला भाचा असेल तर वाटेत त्याचे ऐकून घ्यावे लागते. त्यांच्या न्यू जर्सीत जून-जुलैत लोक ब्लूबेरीच्या शेतावर जातात, बादली घेऊन आपल्या हाताने बेऱ्या तोडतात आणि शेवटी वजन करून पैसे भरतात. ब्लूबेरी शेतात आली तीही त्याच राज्यात. एलिझाबेथ व्हाइट नावाच्या बाईंनी फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाला हाताशी धरून व्हाइट्सबॉग येथे रानातले हे झुडूप माणसाळवले, आणि 1916 साली लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. या झुडपाची खोड अशी की त्यावरची फळे एकदम पिकत नाहीत. पुन्हा पुन्हा येऊन एकेक वेचावे लागते आणि मजुरी अंगावर येते. मग तिथल्या शेतकऱ्यांनी तोडणीला सहल म्हटले आणि मजुराकडूनच पैसे घ्यायला सुरुवात केली.

ही युक्ती ऐकून आपला बागवाला थोडा वेळ गप्प होतो. त्याच्याकडे प्लॉट बहुतेक एका दमात तयार होतो. व्यापारी बाग बघून सौदा करतो, आणि पेठ-सुरगाण्याकडची टोळी उक्ते घेतलेले काम बघता बघता उरकते. त्यात दोन गाड्यांतून उतरलेले आपण आठ जण चार किलो तोडणार आणि चाळीस घड हाताळणार. हा हिशेब भाच्याला सांगू नये. बिचाऱ्याची सुट्टी संपत आलेली असते.

आता वेळ. तोडणी उजाडताना सुरू होते. ऊन चढले की घड तापतो आणि तापलेला माल पेटीत टिकत नाही, म्हणून दहा-अकराला कात्र्या थांबतात. पाहुण्यांनी पोहोचण्याची वेळ साडेबारा. त्याआधी मिसळ खायची असते, आणि नाशकात मिसळ उभ्या उभ्या खाल्ली तर ती अंगाला लागत नाही. साडेबाराला बागवाला पॅकिंगच्या शेडमध्ये वजने, क्रेट आणि गाडीवाल्याचे फोन यांत पुरता अडकलेला असतो. नेमका तेव्हाच बांधावरून हॉर्न द्यावा. तो हात पुसत येतो, "या, या, उशीर केला" म्हणतो आणि बागेत पुढे होतो. त्याच्या कपाळावरच्या आठ्या उन्हामुळे आहेत असे समजावे.

मांडवाखाली शिरताना मान खाली घालावी. पुढे फोटोसाठी ती वर करायचीच आहे. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नये. मुलांना तारेला लोंबकळू देऊ नये आणि स्वतःही लोंबकळू नये. चांगल्या बागेत एकरी आठ-दहा टन माल त्या तारांनी पेललेला असतो, त्यात आपल्या पंचाहत्तर किलोंची भर नको.

आत शिरल्यावर पहिला विद्वत्तेचा प्रसंग येतो तो मण्यांवरच्या पांढुरक्या थरावरून. याबद्दल पाहुण्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो औषध, दुसरा म्हणतो थर्मलची राख. राखपंथीयांना एकलहऱ्यात मोठे बळ मिळते, कारण पुरावा म्हणून चिमणीकडे बोट दाखवता येते. प्रत्यक्षात तो थर मण्याने स्वतःच्याच अंगावर धरलेल्या मेणाचा असतो. त्याने मण्यातले पाणी आत राहते आणि माल टवटवीत दिसतो. भाच्याच्या ब्लूबेरीवरही हाच थर असतो. तिथे तो ताजेपणाची खूण मानून लोक त्याचेही पैसे देतात. आपण मात्र रुमाल काढून घड लखलखीत पुसावा. ज्या थराला बोट लागू नये म्हणून तोडणाऱ्या बाया हातमोजे घालून घड फक्त देठाला धरतात, तो काढायला एक रुमाल पुरतो.

चव घेण्याच्या शास्त्राला थोडा वेळ द्यायला हवा. व्यापारी बागेत आला की घडाच्या शेंड्याचा, अगदी खालचा मणी खातो. घड वरून खाली गोड होत जातो, शेंडा सर्वांत मागे राहतो. तो गोड तर सगळा घड गोड. पाहुण्याने असला कोतेपणा करू नये. त्याने देठाजवळचा, खांद्यावरचा टपोरा मणी घ्यावा आणि डोळे मिटून "वा!" म्हणावे. बागवाला खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढेल. काचेवर मणी पिळून रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचे आणि नळी उजेडाकडे धरून एका डोळ्याने बघायचे. आत वर निळे, खाली पांढरे दिसते, आणि दोन्ही जिथे मिळतात तो आकडा म्हणजे साखर. 18 दिसला की बागवाल्याचा चेहरा खुलतो. आपल्याला बहुधा स्वतःच्या पापण्या दिसतात. तरीही "अरे वा, अठरा!" म्हणून नळी पुढच्याकडे द्यावी. अशी ती आठ जणांतून फिरून येते आणि सगळ्यांना अठराच दिसतात.

एका घडाचा एकच मणी खावा, हा पाहुण्यांमधला जुना सचोटीचा नियम आहे. एकाच घडाचे दहा खाल्ले तर खादाडपणा दिसतो. दहा घडांचा एकेक खाल्ला तर कोणाच्या ध्यानात येत नाही. ध्यानात येते ते शेडमध्ये. मणी ओढून काढला की बारीक देठाला ओला गर चिकटून राहतो. रस शेजारच्या मण्यांवर उतरतो आणि पेटीत तिथूनच सड सुरू होते. मग असा घड हातात आला की पॅकिंगची बाई तो फिरवून बघते, नखाएवढ्या जागेत कात्री घालून ओला देठ कापते, पुन्हा फिरवते, आणि शेजारच्या मण्यांवर ओल दिसली तर काही न बोलता लोकलच्या क्रेटमध्ये ठेवते. दहा मण्यांत दहा घड एक्सपोर्टमधून बाद. डावणी रोगाला एवढ्यासाठी आठवडाभर पाऊस लागतो.

तोडताना उन्हाकडचा पिवळसर घड निवडावा की सावलीतला हिरवा, यावर मतभेद आहेत. युरोपच्या दुकानाला हिरवा लागतो, आपल्या जिभेला पिवळा. पाहुण्याने दोन्ही घ्यावेत. मात्र आंबट घड "घरी ठेवले की होतील गोड" म्हणून घेऊ नयेत. द्राक्ष वेलीवरून उतरले की त्याची गोडी तिथेच थांबते. त्याला अढीत घालून काही उपयोग नाही, नुसती माशांची सोय होते.

चालता चालता संभाषण करणे हे पाहुण्याचे कर्तव्य आहे. पहिला प्रश्न ठरलेला : "दादा, औषधं फार मारता का हो?" हा प्रश्न तोंडात मणी असताना विचारावा, म्हणजे त्यात आपुलकी उतरते. दादा सांगू लागतो. छाटणीपासून तोडणीपर्यंत सव्वाशे-दीडशे दिवस डावणी आणि भुरी दारात बसलेल्या असतात. तोडणीच्या किती दिवस आधी कोणते औषध बंद करायचे याचे वेळापत्रक असते. मालाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. 2010 साली लिहोसिन या वाढरोधकाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षे अडवली, तेव्हापासून कागद वाढलेत. हे सगळे ऐकून झाल्यावर दुसरा प्रश्न टाकावा : "पण आम्हाला नैसर्गिकच द्या हां, आणि लांब मण्याची द्या." थॉमसन जातीचा मणी नैसर्गिक वाढू दिला तर छोटा आणि गोलसर राहतो. तो लांब व्हावा म्हणून फुलोऱ्यापासून जीए या संजीवकाची फवारणी, डिपिंग, विरळणी सगळे होते. विरळणीत बाया हात वर करून एकेका घडातले जादा मणी काढत शंभराच्या आसपास ठेवतात आणि संध्याकाळी त्यांची मान खाली येत नाही. दादा यातले काही सांगत नाही. तो म्हणतो, "घ्या, लांब मण्याचीच घ्या."

तिसरा प्रश्न भावाचा. दादा जागेवरचा दर सांगतो. तो ऐकून दचकावे आणि आपल्या कॉलनीतल्या हातगाडीचा दर सांगावा. यातल्या फरकावर सगळ्यांनी मिळून हळहळावे. मग कोणीतरी, शक्यतो बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी, तोडगा सुचवावा : "तुम्ही थेट ग्राहकाला का नाही विकत?" या प्रश्नाने बागेत शांतता पसरते. आठ थेट ग्राहक समोर उभे असतात, पण ते पाहुणे असतात.

यावरून एक सावधगिरीची सूचना. राज्य सरकारने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण काढले. तेव्हापासून काही बागांच्या फाटकाशी पाटी, तिकीट, हुरडा, बैलगाडी आणि जेवणाचा दर असा प्रकार दिसू लागला आहे. द्राक्षे तोडू देतात, पण शेवटी वजनकाटा असतो. अशा ठिकाणांपासून दूर राहावे. तिथे घडाला हात लावण्याआधी विचारावे लागते, खाल्लेल्या मण्यांचा कोणी कौतुकाने आकडा विचारत नाही, आणि वहिनी म्हणावे अशी बाई फाटकापर्यंत पोचवायला येत नाही.

निघण्याची वेळ सर्वांत नाजूक. वहिनी क्रेट भरत असतात. तळाला वर्तमानपत्र, त्यावर घड देठ वर करून, मध्ये पोकळी दिसली की आणखी एक. आपण "अहो, बास, बास, इतकी कोण खाणार?" असे म्हणत डिकी उघडावी. दुसरा क्रेट आला की "ही ताईंकडे देतो हां" म्हणावे. पैशाचा विषय एकदाच, पाकिटापर्यंत हात नेऊन काढावा. दादा "काय राव, लाजवता का?" म्हणेल, तेव्हा हात लगेच मागे घ्यावा, फार ताणल्यास तो खरेच घेईल. मग त्याच्या नातवाला जवळ ओढून त्याच्या मुठीत खाऊला पन्नासाची नोट कोंबावी. दोन क्रेट द्राक्षांचा हा दर अनेक वर्षे स्थिर आहे. आणि संकोच वाटू देऊ नये. माल उचलून चेक देणारे आणि चेक परत आल्यावर फोन बंद करणारे व्यापारी दादाने पाहिलेले असतात. त्यांच्या मानाने आपला व्यवहार स्वच्छ : आपण चेक देतच नाही.

घरी आल्यावर द्राक्षे न धुता फ्रिजमध्ये ठेवावीत, खायच्या वेळी धुवावीत. फ्रिज भरला की उरलेली सोसायटीत वाटावीत आणि वाटताना "आमच्या बागेतली आहेत" असे सांगावे. शेजारच्यांनी पुढच्या वर्षी सोबत येण्याची इच्छा दाखवली तर होकार द्यावा. तिसरी गाडी त्यांची.

वर्षातून एकदा जाणे पुरेसे आहे. एप्रिलात खरड छाटणी असते, तेव्हा बागेत नुसती खोडे आणि ऊन. ऑक्टोबरात गोडी बहार छाटणी. काड्यांना पान नसते, घड नसतो, फोटोला काही नसते. माणसे हातमोजे घालून काडीवरच्या एकेका डोळ्याला, तो फुटावा म्हणून, डॉर्मेक्सचे पेस्टिंग करत असतात आणि मजूर मिळत नाहीत म्हणून दादा सकाळपासून फोनवर असतो. त्या दिवसांत त्याचा आपल्यालाच फोन आला तर तो चुकून लागला असे समजावे. त्या महिन्यात बागेत जाऊ नये, हे खरे तर वेगळे सांगायची गरज नाही. ऑक्टोबरात पाहुणा आल्याचे कुठल्याच मळ्यात अजून कोणाच्या ऐकिवात नाही.