मुलाला एपीच्या वर्गातून बाहेर कसं काढावं : अमेरिकेतल्या नवशिक्या मराठी पालकांसाठी

साहित्य फार लागत नाही. हायस्कुलात दहावी-अकरावीला असलेलं एक बऱ्यापैकी हुशार मूल, त्याने आपणहून घेतलेला एखादा एपी विषय, शाळेचं पालक-पोर्टल उघडणारा फोन आणि सप्टेंबर महिना. विषय कॅल्क्युलस असेल तर उत्तम, केमिस्ट्रीही चालते. अमेरिकेचा इतिहास असेल तर काम आणखी सोपं, कारण तो तुम्हालाही येत नाही आणि मदत न करायला आयतं कारण मिळतं.

नुकतेच आलेल्यांसाठी सांगतो, एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास शाळेतच शिकवायचा ही कल्पना. १९५५ पासून ती कॉलेज बोर्ड ही संस्था राबवते. वर्षभर वर्ग, मे महिन्यात देशभर परीक्षा, आणि जुलैत निकाल १ ते ५ या आकड्यांत. ३ म्हणजे पास समजतात. पुष्कळ सरकारी विद्यापीठं तेवढ्यावर क्रेडिट देतात, नामवंत ठिकाणी ४ किंवा ५ लागतात. परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास. तोच विषय पुढे कॉलेजात बसून करायचा तर खर्च हजारांत जातो. हे शेवटचं वाक्य मुलाच्या कानावर पडू देऊ नये.

सुरुवात वेळ साधण्यापासून करावी. शाळा उघडल्यावर पहिले काही आठवडे विषय बदलता येतो आणि त्याचा मागमूस राहत नाही. ती मुदत टळली की पुष्कळ शाळांत गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ उमटतो, विषय अर्ध्यात सोडल्याची खूण म्हणून. मग मूल (समजा, मुलगी) हट्टाने म्हणतं, आता राहतेच. म्हणजे सगळं त्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत आटपायला हवं. सुदैवाने पहिली युनिट टेस्ट तेव्हाच होते, आणि सुदैवाने मुलीला तीत ६८ पडतात.

इथे तुमचं महाराष्ट्रातलं बालपण कामी येतं. तुमची पिढी बोर्डाच्या मेरिट लिस्टा वर्तमानपत्रात वाचत मोठी झाली. तेव्हा आकडा ऐकताच तो मोठ्याने परत उच्चारावा. ‘अडुसष्ट?’ बस. पुढे काही बोलायची गरज नाही. चष्मा कपाळावर सरकवलात तर परिणाम वाढतो. एपीचा हिशेब वेगळा आहे, कॅल्क्युलसच्या परीक्षेत एकूण गुणांच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास मिळाले तरी ५ पडू शकतो, म्हणजे मुलीचे ६८ सप्टेंबरच्या मानाने झकास आहेत, ही माहिती कॉलेज बोर्डाने प्रसिद्ध केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गुणतक्त्यांत कुणालाही सापडते. तुम्ही शोधू नका. तिच्या मास्तरांना ईमेल करून ‘वर्गाची सरासरी किती होती?’ असंही विचारू नका. उत्तर ६१ आलं तर पंचाईत होते.

मग ग्रेडचं गणित मांडावं. ‘एपीत बी येण्यापेक्षा साध्या वर्गात ए आलेला बरा नाही का, बाळा?’ वाक्य इतकं शहाण्यासारखं वाटतं की सहसा कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. पुष्कळ शाळा जीपीए काढताना एपीच्या ग्रेडला एक पॉइंट जास्त धरतात. साध्या वर्गातला ए चार, एपीतला बी पण चार. शिवाय कॉलेजं नुसती ग्रेड बघत नाहीत, शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्यातलं मुलीने काय उचललं तेही बघतात. ‘फायदा-तोट्याचा विचार कर’ एवढं म्हणून विषय बदलावा.

आणि तरीही मूल बधत नसेल तर माया करावी. ओरडण्यामुळे जेवढी मुलं वर्ग सोडतात त्यापेक्षा मायेने जास्त सोडतात, असं माझं मत आहे. रात्री साडेअकराला दूध घेऊन खोलीत जावं, डोक्यावरून हात फिरवावा आणि म्हणावं, ‘नसेल झेपत तर सोड गं. मीसुद्धा गणितात कच्चीच होते.’ या दोन वाक्यांत मुलीला एकदम कळतं की आईला वाटतंय आपल्याला झेपत नाही, की ही आनुवंशिक बाब आहे, आणि की सोडलं तर घरात कुणी रागावणार नाही. तोवर तिला फक्त चेन रूल कळत नव्हता.

अमेरिकेत सप्टेंबरच्या आसपासच मंडळाचा गणपती असतो, हाही एक योग. हायस्कूलच्या भाड्याच्या हॉलमध्ये आरती झाल्यावर पॉटलकच्या रांगेत उभं राहून आपल्या मुलीच्या देखत कुठल्या तरी काकूंना विचारावं, ‘तुमच्या अथर्वने किती एपी घेतलेत?’ काकू ‘सहा’ म्हणतील. त्या नेहमी सहाच म्हणतात. घरी येताना गाडीत मुलीला म्हणावं, तूही अजून दोन घे. एक विषय नीट करणारं मूल तीन विषयांत हमखास बुडतं. झोप जाते, आधी ऑर्केस्ट्रा सुटतो, मग मैत्रिणी, आणि शेवटी जो एक विषय तिला मनापासून आवडत होता तोही सुटतो. घालवायचा मार्ग म्हणून जास्त घ्यायला लावणं हे कमी घ्यायला लावण्याइतकंच परिणामकारक आहे आणि वर तुम्ही महत्त्वाकांक्षी पालक ठरता. (दोन रात्री न झोपलेल्या, पानाकडे बघून रडणाऱ्या मुलाचा एखादा विषय काढून टाकणं हा शुद्ध शहाणपणा आहे. त्याला मार्गदर्शिका लागत नाही आणि तो या लेखाच्या कक्षेत येत नाही.)

आता एकांत. इथे जरा थांबून, सविस्तर सांगावं लागेल.

१९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उरी ट्रीझमन नावाचा गणिताचा एक विद्यार्थी होता. तिथे कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये फार मोठ्या प्रमाणावर गळत होती, आणि ती आपापल्या शाळांतली चांगली मुलं होती. प्राध्यापकांनी कारणं पटापट सांगितली: प्रेरणा नाही, शाळेत पाया कच्चा राहिला, घरून पाठबळ नाही, गरिबी. ट्रीझमनने ती तपासली आणि एकही टिकलं नाही. मग त्याने एक साधी गोष्ट केली, जी शिक्षणावर बोलणारे लोक सहसा करत नाहीत. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाची मुलं घेतली आणि ती अभ्यास कसा करतात ते त्यांच्या मागे फिरून पाहिलं, वाचनालयात, खोल्यांवर. पहिल्या गटातली मुलं इमानदारीने नेमून दिलेले तास बसत, पण एकेकटी. अभ्यास वेगळा, मित्र वेगळे. उत्तर चुकलं तर आपण एकटेच चुकलो की सगळ्यांचंच अडलंय हे कळायला मार्ग नव्हता. चिनी वंशाची मुलं आधी आपापलं करत आणि रात्री जेवताना, जेवून झाल्यावर वह्या समोरासमोर ठेवत. एकाचं उत्तर वेगळं आलं तर त्याने तपासायचं, सगळ्यांची वेगवेगळी आली तर गणितच अवघड आहे असं समजायचं. कुणाचा तरी मोठा भाऊ येऊन जुन्या परीक्षेतला प्रश्न घालायचा.

ट्रीझमनने यावरून कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांत कच्च्या मुलांसाठीचं सोपं गणित ठेवलं नाही. नेहमीपेक्षा अवघड प्रश्न, चार-पाच जणांनी मिळून. तशीच मुलं चांगल्या ग्रेडने पास व्हायला लागली.

तेव्हा नवशिक्यांनी लक्षात ठेवावं: मुलीला खोली द्या, टेबल द्या, दार लावून घ्या. आपल्याकडे अभ्यास म्हणजे एकाग्रता आणि एकाग्रता म्हणजे एकटं बसणं, ही समजूत आधीपासून आहेच, तिचा उपयोग होतो. शुक्रवारी संध्याकाळी वर्गातल्या तिघी जणी मिळून लिमिट्स करू का म्हणाल्या तर घर आवरलेलं नाही असं सांगावं. तिघी एकत्र बसल्या, त्यांत दोन तास गप्पांत गेले आणि एक तास गणितात, तरी तो एक तास घातक असतो.

अशा आणखी काही घातक गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. सान डिएगोच्या क्लेअरमाँट हायस्कूलमध्ये मेरी कॅथरीन स्वॉन्सन नावाच्या इंग्रजीच्या शिक्षिका होत्या. १९८० मध्ये त्यांच्या शाळेत गरीब वस्त्यांतली मुलं बसने येऊ लागली. रीतीप्रमाणे त्यांना सोप्या वर्गांत बसवायला हवं होतं. बाईंनी त्यांना वरच्या वर्गांत बसवलं, आणि त्याच्या जोडीला रोज एक तास असा ठेवला की त्यात मुलांनी टिपणं कशी काढायची, अडलेला प्रश्न कसा विचारायचा, हे एकमेकांच्या मदतीने शिकावं. त्याचं पुढे अविड नावाने देशभर काम झालं. आपल्या दृष्टीने शिकण्यासारखं इतकंच, की अवघड वर्ग आणि रोजचा आधार हे दोन्ही एकदम मिळता कामा नयेत. वर्ग मिळाला तर आधार काढून घ्यावा.

हायमे एस्कलान्ते यांच्यावरचा ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा १९८८ चा सिनेमा मात्र मुलीला जरूर दाखवावा. पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमधल्या कष्टकरी मेक्सिकन घरांतल्या १८ मुलांनी १९८२ मध्ये एपी कॅल्क्युलस पास केलं. परीक्षा घेणाऱ्यांना संशय आला, १४ जणांच्या उत्तरपत्रिकांवर बोट ठेवलं गेलं, त्यांतले १२ जण पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराही पुन्हा पास झाले. सिनेमा बघून असं वाटतं की तळमळीचा एक मास्तर आला, दोन भाषणं झाली आणि वर्षात चमत्कार घडला. हा समज तसाच राहू द्यावा. म्हणजे मुलगी महिनाभरात चमत्काराची वाट बघते, तो होत नाही, आणि ती निष्कर्ष काढते. बोलिव्हियातून आलेले एस्कलान्ते गारफील्डमध्ये १९७४ पासून होते, १९७८ मध्ये सुरू केलेल्या त्यांच्या पहिल्या कॅल्क्युलसच्या वर्गातली जेमतेम पाच मुलं शेवटपर्यंत टिकली आणि परीक्षेत दोघंच पास झाली, मधली वर्षं खालच्या इयत्तांचं गणित सुधारण्यात, शाळेआधीच्या आणि नंतरच्या तासांत आणि उन्हाळी वर्गांत गेली, हे सिनेमात बसत नाही. त्या पहिल्या वर्गापासून अठरापर्यंत यायला चार वर्षं लागली. ही चार वर्षं मुलांना कुणी सांगत नाही, आणि म्हणूनच सप्टेंबरमधले ६८ त्यांना शेवट वाटतात.

आता उरला अर्ज. तो सगळ्यात सोपा भाग. शाळेच्या कौन्सेलरकडे शेकडो मुलं असतात. एका कौन्सेलरमागे २५० मुलं असावीत असं त्यांची राष्ट्रीय संघटनाच म्हणते, आणि पुष्कळ ठिकाणी आकडा तेवढ्यावरही थांबत नाही. अशा माणसाला वाद घालायला वेळ नसतो. वर्गात दाखल होताना कित्येक शाळांत शिक्षकांची शिफारस, आदल्या वर्षीची ग्रेड, कधी चाचणी, असं काय काय लागतं. बाहेर पडायला पालकाची एक सही. कौन्सेलरने चुकून विचारलंच, की ‘आणखी तीन आठवडे थांबून बघायचं का? दुपारी शिक्षकांच्या मदतीचा तास असतो, तिथे तिला पाठवलंत का?’ तर घड्याळात बघावं आणि सही करावी.

एवढं करूनही काही मुलं राहतात. नोव्हेंबरात परीक्षेची फी भरतात, जानेवारीत ७४ आणतात, आणि मार्चमध्ये तुमच्या डायनिंग टेबलावर चार दप्तरं, एक पिझ्झा आणि इंटिग्रल्स पसरलेली दिसतात. अशा मुलांवर वेळ घालवू नये. त्यापेक्षा धाकट्याकडे वळावं.

धाकटा सातवीत आहे. अमेरिकेतल्या शाळांतला गणिताचा जिना असा: अल्जेब्रा एक, जॉमेट्री, अल्जेब्रा दोन, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. पाच पायऱ्या, वर्षाला एक. बारावीत कॅल्क्युलसला पोहोचायचं तर आठवीत पहिली पायरी चढावी लागते. नंतर दोन पायऱ्या एका वर्षात घेता येतात, उन्हाळ्यात वर्ग करता येतो, पण ते करणारे थोडे. सान फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीतून अल्जेब्रा सगळ्यांसाठीच काढून टाकला. हेतू चांगला होता, कुणी मागे पडू नये. पैसेवाल्यांनी बाहेर शिकवण्या लावल्या, आणि दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, मतदारांनी प्रचंड बहुमताने तो परत आणा म्हणून सांगितलं. तुम्हाला मतदानाची भीती नाही. शाळेकडून पुढच्या वर्षीच्या गणिताचा फॉर्म जानेवारी-फेब्रुवारीत घरी येतो. त्यावर ‘ग्रेड लेव्हल’ समोर खूण करायची, दोन दिवसांत परत पाठवायचा, आणि धाकट्याला विचारायचं नाही.