मागे कोण बसतं?

काही माणसांना उंची पुरतच नाही. माझ्या भाच्याने थार घेतली तेव्हा ती कंपनीतूनच उंच होऊन आली होती. पोटाखाली २२६ मिलिमीटर मोकळी जागा, चढणीला नाक लावायला ४१.८ अंशांचा कोन आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून पलीकडे जायची मुभा. हे आकडे तो येणाऱ्याजाणाऱ्याला अशा सुरात ऐकवायचा, ज्या सुरात पूर्वी पत्रिकेतले जुळलेले गुण ऐकवले जात. ६५० मिलिमीटर म्हणजे केवढं रे, असं ताईने विचारलं. आता गोदावरीला पूर आला की नाशिककर पाणी फुटांत मोजत नाहीत, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते सांगतात. तेव्हा त्यानेही मारुतीचाच आधार घेतला आणि पाणी मारुतीच्या पायांशी असेल तोवर आपल्याला काळजी नाही म्हणाला. "मारुतीचे पाय बुडाले म्हणजे मी घरातच असणार," ताई म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

ही गाडी नाशकातच तयार होते. नाशकातच तिची खरेदी झाली आणि नाशकातच ती रोज सकाळी सातपूरला ऑफिसला जाते, संध्याकाळी परत येते. हिमालयाची सगळी तयारी करून ठेवायची आणि आयुष्य गावातल्या गावात काढायचं, हे काही फक्त गाड्यांच्याच वाट्याला येत नाही. पण गाडीचं तसं झालेलं बघून उगीच हसू येतं. तिचे ते भलेथोरले टायर सिग्नलला रिक्षांच्या घोळक्यात उभे असतात, तेव्हा लग्नात चुकीच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखे ते जरा जास्तच ताठ दिसतात.

मी थोड्या दिवसांसाठी म्हणून ताईकडे आलो, त्याला आता बरेच दिवस झाले. त्यामुळे रविवारच्या फेरफटक्यात माझी जागा ठरलेली आहे, ती मागे. या गाडीला मागच्या सीटसाठी वेगळी दारं नाहीत. पुढची सीट वाकवायची, अंग चोरून आत शिरायचं, सीट पूर्ववत करायची. मग भाचा एक निळं प्लास्टिकचं स्टूल दाराखाली मांडतो. ताई आधी स्टुलावर, मग फूटबोर्डावर, मग दाराच्या खांबावरचं हँडल धरून "विठ्ठला" म्हणत सीटवर. बाहेर फक्त स्टूल उरतं. भाचा ते उचलतो, त्याच्या पायांची माती झटकतो आणि ताईच्या डोक्यावरून माझ्या हातात देतो. मी ते मांडीवर घेऊन बसतो. डोंगर चढायला बनवलेल्या गाडीत चढण्यासाठी आम्हाला स्टूल लागतं, याचं आमच्या घरात कुणालाच काही वाटत नाही.

तर अशा या गाडीला आणखी दोन इंच उंच करायचं, असं भाच्याच्या मनाने घेतलं. अंबडच्या बाजूला एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे आम्ही गेलो. त्यांनी आधी पेन्सिल कानामागे खोचली आणि मग सरळ नाही म्हटलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय, की कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. हे त्यांनी वकिलापेक्षा कमी शब्दांत सांगितलं: "पासिंगला रडाल." आणि कायदा बाजूला ठेवला, तरी उंचीची स्वतःची अशी एक भूमिती असते. गाडी वर उचलली की तिचा गुरुत्वमध्यही वर जातो आणि वळणावर ती जास्त कलते. जमिनीकडे उतरणारे दांडे, सांधे आणि शाफ्ट यांचे कोन बदलतात, स्टिअरिंग सुटल्यासारखं वाटू लागतं. मग एकेक कोन जागेवर आणायला एकेक नवा भाग घ्यायचा. "दोन इंचांच्या मागे दोन लाख धावतात," मिस्त्री म्हणाले. हा हिशेब त्यांनी अनुप्रासासाठी केला की अनुभवातून, ते मला कळलं नाही.

उंची आहे तीच ठेवून चाल सुधारायची, यावर तडजोड झाली. तेवढ्यात मिस्त्रींनी शेजारच्या एका जुन्या गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकले, अंगाचा भार देऊन तो खाली दाबला आणि हात काढून घेतले. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली आणि मग बराच वेळ मान डोलावत राहिली. "एकदा वर यावं आणि गप्प व्हावं. ही बोलतच बसलीय. शॉकअप गेले." गाडीचं वजन स्प्रिंग तोलते. शॉकअप काही तोलत नाही, तो फक्त स्प्रिंगला आवरतो. त्याच्या नळीत तेल असतं, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याच्या बारीक झडपांमधून तेल रेटत न्यावं लागतं. खड्ड्याचा सगळा त्रागा त्या रेटारेटीत खर्ची पडतो आणि त्याची उष्णता होते. त्र्यंबकच्या पुढच्या एखाद्या उखडलेल्या रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून बघा, म्हणाले. मी पुढे कधीतरी लावून पाहिला. नळी चांगली गरम होती. फार तापलं की साध्या शॉकअपच्या तेलाला फेस येतो आणि त्याची पकड ढिली पडते. महागड्यांमध्ये एका सरकत्या पडद्याआड दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, तो तेलाला फेसाळू देत नाही. भाच्याचे डोळे नायट्रोजनपाशीच अडकून राहिले.

माझं मन मात्र मिस्त्रींनी जाता जाता सांगितलेल्या दुसऱ्याच गोष्टीने धरलं. चांगली गाडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हेलकावते. अंगाला हाच झुला मानवतो, कारण आपण चालतो तेव्हा शरीर जवळपास याच लयीत वरखाली होत असतं. हेलकावा फार सावकाश झाला, म्हणजे पाच सेकंदांत एकदा वगैरे, तर बोटीसारखं मळमळतं. सेकंदाला चार ते आठ झाले की आतडी हलतात, कारण त्या वेगाच्या हादऱ्यांना बसलेलं शरीर सगळ्यात हळवं असतं. म्हणजे जगभरच्या मोठमोठ्या कारखान्यांत पोलाद वळवून, तापवून, पाणी देऊन माणसं शेवटी जे साधू पाहतात, ते कडेवर मूल घेऊन अंगणात येरझारा घालणाऱ्या बाईला आधीपासून येत होतं. ताई मला असंच फिरवायची म्हणे. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला त्यातलं काही आठवत नाही, तिला मात्र माझं वजन आठवतं.

आमच्या लहानपणी घोटीहून आजोळी जायला काळी-पिवळी जीप असायची. स्वातंत्र्याच्या काळात मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू झाली, तिच्याच वंशातली ही पोरंबाळं. तिच्या मागे पाटे होते, एकावर एक रचलेल्या कमानदार पट्ट्या, ट्रकच्याच जातीच्या. चारपाच माणसं घेऊन ती निघाली तर प्रत्येक दगड माकडहाडाला नाव सांगून जायचा. म्हणून जाणती माणसं रिकाम्या जीपमध्ये बसतच नसत, भरायची वाट बघत. ड्रायव्हर आणखी दोघांना कोंबायचा, मग एका म्हातारीला, मग तिच्या कोंबड्यांना, आणि अखेर स्वतः दाराबाहेर अर्धा लोंबकळत निघायचा. तेव्हा कुठे पाटे दबायचे आणि गाडी मऊ व्हायची. "आता बसली गाडी," असं कुणीतरी म्हणायचंच. ते शास्त्रालाही धरून आहे. मोठ्या ओझ्यासाठी घडवलेले पाटे ओझ्याशिवाय नुसते उडतात, कारण त्यांना करायला काम नसतं. त्या जीपला नायट्रोजन ठाऊक नव्हता. तिचं सस्पेन्शन म्हणजे आम्हीच, एकमेकांच्या बरगड्यांत कोपरं खुपसून बसलेले. घाटात झोप इतकी गाढ लागायची की आजोळ आलं हे उतरणाऱ्यांच्या धक्क्यानेच कळायचं.

म्हणूनच मिस्त्रींनी स्प्रिंगांचा तक्ता काढला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. एकाच गाडीला तीन तऱ्हेच्या स्प्रिंगा मिळत होत्या, हलक्या, मधल्या आणि कडक. कुठली घ्यायची हे गाडीवर ठरत नाही, तुम्ही तिच्यात कायम काय वाहता यावर ठरतं. कडक घेतली आणि गाडी रिकामी राहिली, तर ती लाथा झाडणार. मऊ घेतली आणि भार जास्त झाला, तर शेपूट टेकणार. भाच्याने यादी सुरू केली. गाडीतला फ्रिज, टपावरचा तंबू, पाण्याचे कॅन, हवा भरायचा कॉम्प्रेसर, विंच.

"हे सगळं घेतलंय का?"

"घेणार आहे."

"जे घेणार ते तेव्हा बघू. आज गाडीत काय असतं ते सांगा." आणि त्यांनी मागचं दार उघडलं. आत एक छत्री होती, ताईची कापडी पिशवी होती, पिशवीत थालीपिठांचा स्टीलचा डबा, आणि सीटवर मी होतो. उतरायचं म्हणजे ताई, सीट, स्टूल असा सगळा सोहळा उलट्या क्रमाने करावा लागला असता. म्हणून हा सारा संवाद मी आत बसूनच ऐकत होतो.

"काकांचं वजन?" मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली.

मी तोंड उघडायच्या आत पुढच्या सीटवरून ताईने माझं वजन सांगितलं, मागच्या महिन्यातल्या तपासणीतलं, वरच्या ग्रॅमांसकट.

"आणि काका कायम, की कधीमधी?"

तक्त्यात खरोखरच तसे दोन रकाने होते. मी काचेतून बाहेर रचलेल्या टायरांकडे बघू लागलो. भाचा मोबाइलवर नायट्रोजनवाल्या शॉकअपची किंमत बघत होता. मान वर न करता म्हणाला, "कायम."

मिस्त्रींनी लिहिलं.

"स्टूलही धरा," ताई म्हणाली. "ते ह्याच्या मांडीवरच असतं."