ब्रू-मास्तर

परदेशात पंधरा-वीस वर्षं काढलेला मराठी माणूस चाळिशी ओलांडली की स्वतःच्या हाताने काहीतरी करायला घेतो. कुणी ढोल-ताशा पथक उभारतो, कुणी एकांकिका बसवतो, कुणी बर्फाळ अंगणात कढीपत्ता जगवण्याचा हट्ट धरतो. या जमातीतला सर्वांत धोकादायक प्राणी म्हणजे घरी बिअर करणारा. कढीपत्ता मेला तर एकटा मरतो. बिअर मित्रांना प्यावी लागते.

आमच्या न्यू जर्सीच्या कंपूतल्या अशा गृहस्थांना सगळे मास्तर म्हणतात. दिवसभर ते एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर दुरुस्त करतात आणि शनिवारी बिअर बिघडवतात.

‘चोरून नाही हो करत,’ हे त्यांचं ठरलेलं पहिलं वाक्य. मग जिमी कार्टर येतात. ऑक्टोबर १९७८मध्ये कार्टरनी कायद्यावर सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून घरगुती बिअरला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्यं मात्र २०१३पर्यंत अडून बसली होती. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. वहिनी बिअरला शिवत नाहीत, पण कायद्याच्या हिशेबात त्यांच्यामुळे शंभर गॅलन वाढतात आणि संसाराचा हा लाभ मास्तर कधी विसरत नाहीत. ही बिअर विकता मात्र येत नाही. कुणी विकत घेईल अशी भीती अजून तरी नाही.

नवशिक्याने एक्स्ट्रॅक्टपासून सुरुवात करावी असा रिवाज आहे. सातूला मोड आणायचे, वाळवायचे, गरम पाण्यात मुरवून त्यातली साखर उतरवायची, ही सगळी कटकट कारखान्याने केलेली असते. आपल्या हाती येतो माल्टचा दाट, चिकट पाक. पाणी उकळा, पाक घाला, कडवटपणासाठी हॉप्स तासभर उकळा, वासासाठी थोडे शेवटी टाका, गार करा, यीस्ट सोडा आणि दोन आठवडे हात लावू नका. यातली शेवटची पायरी सोडून मास्तरांना सगळं जमतं.

पाच गॅलन उकळेल एवढं पातेलं सहसा घरात नसतं. म्हणून अडीच गॅलन उकळून बाकीचं गार पाणी बादलीत वरून घालतात. दाट काढा तळाशी राहतो, पाणी वर. मास्तरांनी वरवरचं पाणी नळीत घेतलं, हायड्रोमीटर सोडला, ग्रॅव्हिटीचा, म्हणजे काढ्याच्या दाटपणाचा, आकडा आला १.०३६. हवा होता १.०४७. आता पाकाचे दीड-दीड किलोचे दोन डबे पाच गॅलनमध्ये गेले की १.०४७च्या आसपासच यायला हवं. एक्स्ट्रॅक्टमधली साखर मापात भरलेली असते, ती वाटेत कुठे उतरून जात नाही. डबे रिकामे आणि पाणी मापात असेल तर राहिलं ते फक्त ढवळणं. मास्तरांनी ढवळलं नाही. अर्धा किलो माल्ट पावडर आणून ओतली. ती जास्तच कडक झालेली बिअर नेमकी गणेशोत्सव समितीच्या बैठकीत उघडली गेली. दोन ग्लासांनंतर खजिनदार हिशेब मांडायला उभे राहिले आणि सगळे आकडे एकमताने मंजूर झाले.

यीस्ट टाकल्यानंतरची पहिली रात्र तर विचारू नका. ‘अहो, श्वास घेत नाहीये,’ असा बाराला फोन. कोण, म्हणून मी ताडकन उठून बसलो. ‘बिअर!’ झाकणावरच्या एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बुडबुडे येत नव्हते. झाकण जरा सैल असलं की वायू कडेने निघून जातो, एअरलॉक मुका राहतो, आणि आत काम जोरात चाललेलं असतं. पण मास्तर झाकण उघडून बघतात. फेस दिसतो, जीव भांड्यात पडतो, आणि बाहेरचे चार जंतू बादलीत. वहिनी इडलीचं पीठ ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवतात आणि झोपायला जातात. सकाळी ते भांड्याच्या काठाला आलेलं असतं. त्या म्हणाल्या, ‘मी बरी नाही उठून बघत रात्रीची!’ मास्तर म्हणाले, ‘तुझ्या पिठाला ग्रॅव्हिटी मोजावी लागत नाही गं.’

आंबताना ग्रॅव्हिटी उतरत जाते, आणि मग येतो १.०२०. एक्स्ट्रॅक्टवाल्यांची ही साडेसाती. बिअर त्या आकड्यावर अडते आणि खाली उतरत नाही. कधी खरंच अडते: तळघर थंड असतं, यीस्ट गारठून तळाशी बसतं. बादली उबदार खोलीत आणायची, हलकेच हिंदकळवायची, वाट बघायची. मास्तरांनी मात्र रिफ्रॅक्टोमीटरने मोजलं होतं. दोन थेंबांत काम होतं म्हणून हौसेने घेतलेलं यंत्र. अल्कोहोल तयार झालं की ते चढा आकडा दाखवतं आणि दुरुस्तीचं गणित मांडावं लागतं. जन्मभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणाऱ्या माणसाने ते गणित न मांडता यीस्टची दुसरी पुडी टाकली, वर यीस्टचं खाद्य घातलं आणि बादली हीटरला टेकवली. बिअर तोवर १.०१०च्याही खाली जाऊन निवांत पडली होती.

उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. मास्तर वापरतात त्या यीस्टला १८ ते २० अंश सेल्सियस मानवतात, आणि आंबताना बिअर खोलीपेक्षा दोन-चार अंश गरमच असते. जुलैच्या बिअरला केळ्याचा वास आला. तेव्हापासून बादली पाहुण्यांच्या बाथटबमध्ये असते: भोवती पाणी, पाण्यात बर्फाच्या बाटल्या आणि बादलीच्या अंगात गणेशोत्सवाच्या स्वयंसेवकाचा ओला टी-शर्ट. आत गेलेला पाहुणा ‘सॉरी’ म्हणून बाहेर येतो.

सोनेरी हवी असलेली बिअर एकदा तांबूस झाली. उपाय साधा आहे. डबा ताजा घ्यायचा आणि निम्मा पाक शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घालायचा, तोही गॅस तेवढ्यापुरता बंद करून, म्हणजे तळाला लागत नाही. मात्र काढा पातळ असला की हॉप्सचा कडूपणा जास्त उतरतो, म्हणून हॉप्स थोडे कमी. मास्तरांना हे पटलं. त्याबरोबर त्यांनी पाणी, यीस्ट, हॉप्सची जात आणि पातेलंही बदललं. बिअर फक्कड झाली. कशामुळे झाली हे कुणालाच कळलं नाही, त्यामुळे पुढची पुन्हा बिघडली.

‘यात आपलं असं काही नाही,’ असं कुणीतरी बोलून गेलं आणि गूळ, वेलची व हापूसच्या रसाचा ८५० ग्रॅमचा डबा बादलीत गेला. गुळाने गोडी येईल ही भाबडी समजूत. यीस्ट ती साखर जवळजवळ सगळी फस्त करतं. अल्कोहोल वाढतं आणि बिअर पातळ होते. आंबाही ऐन जोरात घातला तर त्याचा वास वायूबरोबर निघून जातो. जोर ओसरल्यावर घालायचा असतो. वेलची मात्र कुठे जात नाही. दोघांनी तो ग्लास हुंगून श्रीखंड कधी वाढणार म्हणून विचारलं.

बाटल्या भरताना पाच गॅलनला साधारण १४० ग्रॅम कॉर्न शुगर पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये एकजीव करायची असते. मास्तर बाटलीगणिक चमच्याने अंदाजे घालत. दिवाळीच्या फराळाला पहिली बाटली छतापर्यंत गेली, दुसरी हूं की चूं करेना. जानेवारीत गराजमध्ये ठेवलेल्या सगळ्याच मठ्ठ निघाल्या. २१ अंशांच्या खोलीत दोन आठवडे मिळाले असते तर त्याही फसफसल्या असत्या.

खरी परीक्षा पिणाऱ्याची असते. मास्तर समोर उभे राहून तुमच्या तोंडाकडे बघत असतात. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कोवळी आहे. लोण्याचा आला तर यीस्टला आवराआवर करायला वेळ मिळाला नाही. जखमेच्या पट्टीचा आला तर दोष बहुधा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा. क्लोरीन घालवणाऱ्या कॅम्पडेनच्या गोळीचा तुकडा त्या पाण्यात आधीच टाकला असता तर भागलं असतं. हे सगळं ठाऊक असलं तरी तिथे बोलू नये.

तुम्हाला बोलावणं आलं तर जरूर जा, ग्लास संपवा. ‘पुढच्या वेळी काय बदलू?’ असं ते विचारतीलच. काहीही सुचवू नका. डबे तेच, पाणी तेच, यीस्ट तेच, फक्त आणखी एक आठवडा थांबा, एवढंच सांगा.